एकच लेन्स घ्यायची तर कोणती घेऊ?

दर पावसाळा संपत आला की हा प्रश्न येतोच, ह्या वेळी जरा जास्तच आला. गणपती, कास, दिवाळीची सुट्टी, मग लग्नं, सगळं ओळीनं असतं आणि बॅग उचलून उचलून खांदा भरून येतो, तेव्हा प्रत्येकालाच वाटतं की एकच लेन्स असावी, ती कॅमेऱ्याला एकदा लावून टाकावी आणि परत काढायला लागू नये. आलेल्या पत्रांतली सहा घेतलीयत. जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे जास्त लिहिलंय, बाकी ठिकाणी थोडक्यात.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, त्याच्याबरोबर १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स आल्या होत्या. कासला गेलं की पठारासाठी एक, फुलांसाठी दुसरी, आणि बदलेपर्यंत ढग येऊन ऊन गेलेलं असतं. शाळेचं स्नेहसंमेलन, सहली, घरची पोरं हे पण सगळं मीच काढते. दुकानदार म्हणतो १८-४०० घ्या म्हणजे आयुष्यात दुसरी लेन्स नको. यूट्यूबवाले म्हणतात ५० एमएम घ्या. आमचे मिस्टर म्हणतात आहे त्यात काय वाईट आहे. काय करू?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, तिघांचंही जरा बाजूला ठेवा आणि आधी तुमच्या स्वतःच्या फोटोंना विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांतले तुम्हाला मनापासून आवडलेले शंभर फोटो एका फोल्डरमध्ये घ्या, कॉम्प्युटरवर एकेका फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथे फोकल लेंग्थ लिहिलेली असते, म्हणजे १८, ५५ असे मिलिमीटरचे (एमएम) आकडे, आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ. वहीत चार रकाने आखा, १८ ते २४, २५ ते ५५, ५६ ते १३५ आणि १३५ च्या पुढे, आणि पोरांना शिकवता तशा चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा मारत जा. तासाभराचं काम आहे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक लांबलचक झूम घ्यायच्या बेतात होतो, पैसे पण बाजूला काढले होते, आणि वहीत बघतो तर जवळजवळ सगळ्या रेघा पहिल्या दोन रकान्यांत. शेवटच्या रकान्यात जे थोडे होते त्यातला एकही मी कधी प्रिंट केलेला नव्हता. झूमचा विचार तिथेच सोडला.

आता १८-४०० बद्दल. टॅमरॉनची ही लेन्स २०१७ साली आली, एकाच नळीत बावीस पट झूम, आणि ती वाईट अजिबात नाही, ज्याला लांबचंच काढायचंय आणि दोन लेन्स बाळगायच्याच नाहीत त्याच्यासाठी ती ठीक आहे. पण तिचं वजन ७०० ग्रॅमच्या वर आणि तुमची १५००डी बॅटरी-कार्डासकट पावणेपाचशे ग्रॅम, म्हणजे गळ्यात अडकवली की कॅमेरा नाक खाली करून लोंबकळत राहतो, आणि सहलीला चाळीस पोरं मोजत फिरताना ते पोटावर आपटत राहतं. तासाभरात तुम्ही तो बॅगेत टाकाल, आणि बॅगेत गेलेल्या कॅमेऱ्यानं फोटो निघत नाही. शिवाय ४०० ला तिचं अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ ६.३ होतं, आणि एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी, आणि एवढी मोठी रेंज एकाच लेन्समध्ये बसवायची म्हटल्यावर कुठेतरी तडजोड होतेच, कडा जरा मऊ येतात, शाळेची इमारत काढली तर सरळ भिंत किंचित फुगल्यासारखी दिसते.

५० एमएम एफ १.८ ही गोड लेन्स आहे, १६० ग्रॅमची, स्वस्त, चेहरे फार सुंदर येतात. पण यूट्यूबवर जे दाखवतात ते बहुतेक फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर. तुमचा सेन्सर लहान आहे, कॅननमध्ये त्याचा १.६ चा हिशोब असतो, म्हणजे ५० ची ८० होते. वर्गात पाठ भिंतीला टेकली तरी अर्धा वर्ग फ्रेमबाहेर. दुसरी लेन्स म्हणून जरूर घ्या कधीतरी, एकुलती एक म्हणून नको.

माझं मत विचाराल तर १८-१३५. कॅननची ही लेन्स तीन प्रकारात आली, २००९ ची पहिली साधी, मग २०१२ ची एसटीएम आणि २०१६ ची यूएसएम. नावात एसटीएम किंवा यूएसएम (ही फोकसच्या मोटरची नावं) असेल तरच घ्या, पहिलीचा फोकस ह्या दोघींच्या मानानं हळू आणि कुरकुरणारा. वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या आत्ताच्या दोन लेन्सच्या बेरजेपेक्षा कमीच. आणि मुख्य म्हणजे १८ चं टोक तसंच राहतं. एकच लेन्स घेताना लोक लांबचं टोक बघतात, मी आधी जवळचं बघतो, कारण लांबचं कमी पडलं तर दोन पावलं पुढे जाता येतं किंवा नंतर फोटो कापता येतो, पण रुंद कमी पडलं आणि मागे भिंत असली तर काहीच करता येत नाही.

कासचं सांगतो, कारण तिथे ही लेन्स खरंच उपयोगाला येते. सीतेची आसवं म्हणतात ती जांभळी फुलं नखाएवढी, देठ काडीसारखा, वाऱ्यानं सारखा डुलतो. तुमची १८-५५ पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, पण ते अंतर सेन्सरपासून मोजतात, म्हणजे लेन्सचं तोंड फुलाच्या अगदी जवळ येतं, तुमची सावली फुलावर पडते आणि गुडघा कुठे टेकवावा तर तिथे तेरडा नाहीतर सोनकी. वाटेवरून खाली उतरायचं नाही हे तर तुम्ही पोरांनाच सांगत असाल. ५५-२५० ला उलटं, ती एक मीटरच्या आत फोकसच घेत नाही. १८-१३५ एसटीएम १३५ वर ठेवून सुद्धा ३९ सेंटिमीटरवर फोकस घेते, वाटेच्या कडेला बसून साधारण आठ सेंटिमीटर रुंदीची जागा फ्रेमभर येते, म्हणजे चार-पाच आसवं आणि त्यांच्यावरचं दव, आणि मान वर केली की त्याच लेन्सनं अख्खं पठार. ऊन-सावलीचा खेळ चालू असताना लेन्स बदलायला न लागणं ही तिथली खरी चैन आहे. भुरभुर पाऊस आणि धुकं असताना लेन्स काढून सेन्सर उघडा टाकायला लागत नाही, हा वेगळा फायदा.

स्नेहसंमेलनात मात्र ही लेन्स थोडी कमी पडेल, ते आधीच सांगतो. १३५ ला एफ ५.६ म्हणजे एफ १.८ च्या मानानं साधारण दहावा हिस्सा उजेड. स्टेजवर कोळीनृत्य चालू, तुमचा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १६००, शटर येतो १/६० सेकंद, आणि फोटोत पोरींचे हात नुसते पुसट फराटे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे काही करू शकत नाही, ते तुमचा हात हलला तर सांभाळतं, पोरगी नाचली तर नाही. आयएसओ ६४०० करा, शटर १/२५० च्या आसपास जाईल. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत, शाळेच्या बोर्डावर लावायच्या प्रिंटमध्ये ते कुणाला दिसत नाहीत, हललेला चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो. आणि नाचात एक क्षण असतो, गिरकी संपून पोझ घेतात तेव्हा सगळे अर्धा सेकंद थांबतात, गाणं दोनदा ऐकलं की तो कधी येतो ते कळतं, तेव्हाच दाबा.

राहता राहिले मिस्टर. त्यांचं म्हणणं पण अगदी सोडून देण्यासारखं नाही. लेन्स घ्यायच्या आधी एक महिना ५५-२५० कपाटात ठेवून द्या आणि फक्त १८-५५ वर काढा. महिनाभरात तिची आठवण चार-पाच वेळा मनापासून आली तर १८-१३५ घ्या आणि दोन्ही जुन्या विकून टाका. आली नाही तर पैसे वाचले. पुढे कधी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतला तरी ही लेन्स वाया जात नाही, कॅननच्या आर सिरीजच्या बॉडीवर अडॅप्टर लावून ती नीट चालते.

प्रश्न : मी ढोल-ताशा पथकात आहे, स्वतः ताशा वाजवतो आणि उरलेल्या वेळात पथकाचे फोटो आणि रील्स पण मीच करतो. सोनी ए६४०० आहे, त्याच्याबरोबर आलेल्या १६-५० किट लेन्सवर रात्री सगळं काळं आणि हललेलं येतं. बजेट एकाच लेन्सचं. सिग्मा १८-५० एफ २.८, टॅमरॉन १७-७० एफ २.८ आणि सोनीची १८-१३५ ह्या तिघींत अडकलोय.
— एक वादक, पुणे

उत्तर : मित्रा, सोनीची १८-१३५ यादीतून काढून टाक. प्रवासाला ती छान आहे, सव्वातीनशे ग्रॅम वजन, चांगली शार्प, पण लांबच्या टोकाला एफ ५.६, म्हणजे तुझं दुखणं जिथल्या तिथे राहणार. आणि लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री १३५ वापरायला तेवढी मोकळी जागा कुठे मिळते, तू आणि ढोलवाला ह्यांच्यामध्ये दोन मीटर असले तरी नशीब, त्याच्या पुढे कुणाचं तरी डोकं, झेंडा नाहीतर मोबाईल धरलेला हात येतोच.

एफ २.८ आणि एफ ५.६ मध्ये चौपट उजेडाचा फरक. जिथे १/६० मिळत होता तिथे १/२५०. टिपरू ढोलाच्या पानावर आपटून वर येतं त्या वेळचा फोटो १/६० ला पुसट आणि १/२५० ला टिपरू स्पष्ट, टोकाशी किंचित हललेलं. ते किंचित हललेलंच चांगलं दिसतं, पूर्ण गोठवलं तर वादक नुसता हात वर करून उभा आहे असं वाटतं.

आता सिग्मा की टॅमरॉन. सिग्मा २९० ग्रॅम, टॅमरॉन ५२५, म्हणजे टॅमरॉन तुझ्या बॉडीपेक्षा जड. दोघींना एफ २.८ पूर्ण रेंजभर. फरक दोन, एक म्हणजे टॅमरॉन ७० पर्यंत जाते, आणि दुसरं म्हणजे तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे, सिग्मात नाही, आणि ए६४०० च्या बॉडीत पण नाही. फोटोंसाठी मला ह्याचं फार काही वाटत नाही, कारण वर ताईंना सांगितलं तेच, समोरचा हलतोय तिथे स्टॅबिलायझेशनचा उपयोग नाही. पण तू रील्स म्हणतोयस. हातात कॅमेरा धरून पथकाबरोबर उलटं चालत व्हिडिओ काढायचा, तर सिग्मावर तो हिंदकळणार आणि एडिटला बसलास की डोकं गरगरेल. तेव्हा अर्ध्याच्या वर काम व्हिडिओचं असेल तर टॅमरॉन, वजन सोस. फोटोच मुख्य असतील तर सिग्मा, कारण ताशा गळ्यात असताना कॅमेरा कमरेला लावून ठेवता येईल एवढी लहान लेन्स ह्या तिघींत तीच. मला स्वतःला निवडायची वेळ आली असती तर मी सिग्मा घेतली असती.

दोन गोष्टी अजून. एक, मांडवातले आणि रथावरचे एलईडी लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं, फोटोत आडवे पट्टे येतात. सायलेंट शटर बंद ठेव, आणि व्हिडिओला १/५० किंवा १/१०० वर राहा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून. दुसरं, गुलाल. भंडाऱ्याला जेजुरीला जाणार असशील तर तिथे पण हेच. झूम करताना नळी पुढे येते तेव्हा तिच्यावर बसलेली पूड परत आत जाते, म्हणून उधळण चालू असताना एका जागी, समज २४ वर, लेन्स ठेव आणि पायानंच पुढे-मागे हो. उधळण थांबली की आधी ब्लोअरनं फुंकर, मग मऊ ब्रश, मग कापड. थेट कापड फिरवलंस तर पूड काचेवर घासली जाईल. सिग्माला माउंटजवळ, म्हणजे कॅमेऱ्याला बसते तिथे, रबराची रिंग आहे, टॅमरॉन ओलाव्याला त्याहून बरी टिकते, पण पाऊस जोराचा असेल तर दोघींनाही प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड लागणारच.

प्रश्न : मित्र त्याची कॅननची जुनी २४-१०५ एफ ४ एल लेन्स स्वस्तात देतोय, लाल रिंगवाली. माझ्याकडे २००डी आहे. लाल रिंग म्हणजे प्रोफेशनल म्हणतात. घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लेन्स उत्तम, तुमच्या बॉडीवर एकुलती एक म्हणून चुकीची. ती फुल फ्रेमसाठी बनवलीय, २००डीवर २४ चं ३८ होतं. घरातलं बारसं, हॉलमधला जेवणाचा पंगतीचा फोटो, गडाच्या दरवाजात उभं राहून वरची कमान, ह्यातलं काही मावत नाही. त्यात ६७० ग्रॅम वजन. तुमच्याकडची १८-५५ ठेवणार असाल तर मित्राची लेन्स जरूर घ्या, ती विकून ही घेणार असाल तर नको. पुढच्या वर्षी नक्की फुल फ्रेम घेणारच असं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : आम्ही डिसेंबरमध्ये भारतात येतोय, भाच्याचं लग्न आहे संभाजीनगरला, आणि मुलांना अजिंठा-वेरूळ दाखवायचंय. कॅमेरा निकॉन झेड ५, लेन्स अजून घ्यायचीय. २४-१२० एफ ४ की २४-२००? मिसेस म्हणते २०० घे, प्रवास आहे, जास्त झूम बरा.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही चांगल्या आहेत हो, आणि वजनात पण फार फरक नाही, २४-१२० आहे ६३० ग्रॅम आणि २४-२०० आहे ५७० ग्रॅम. फरक उजेडाचा आहे. २४-१२० पूर्ण रेंजभर एफ ४ राहते, २४-२०० सुरुवात एफ ४ ला करते पण शंभराच्या आतच एफ ६.३ वर जाते.

अजिंठ्यात आतमध्ये फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, त्या रंगांनी इतकी शतकं काढलीयत. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिलात की आधी डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत काही दिसत नाही, दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, मग हळूहळू चेहरा वर येतो. तिथे अख्खी भिंत काढायची तर २४ च्या टोकाला दोन्ही लेन्स सारख्याच, एफ ४. पण नुसता तो चेहरा, झुकलेली नजर, हातातलं कमळ हवं असेल तर झूम करावा लागतो, आणि तिथे १२० वाली अडीचपट उजेड देते. भिंत काही हलत नाही आणि झेड ५ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, त्यामुळे दंडगोलासारख्या खांबाजवळ कोपर अंगाला घट्ट धरून १/१५ ला सुद्धा काढता येईल. वेरूळला कैलासाच्या अंगणात लांबच्या झूमची गरजच नाही, तिथे २४ सुद्धा अपुरं वाटतं, कारण वरून खाली कोरत आणलेलं देऊळ आहे, तुम्ही त्या खड्ड्याच्या तळाशी उभे असता. पूर्ण देऊळ एका फ्रेममध्ये हवं असेल तर बाजूच्या टेकडीवर चढा, वरून बघितल्यावरच ते कसं कोरलं असेल ते मुलांना पण कळतं. आणि हो, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

लग्नाचं म्हणाल तर अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच असतो, भोवती अक्षता टाकणारे पन्नास हात, हॉलचा उजेड पिवळट, तुम्ही मामा किंवा काका म्हणून जवळच उभे असणार, तिथे २०० कशाला हवंय. एफ ४ हवंय. वहिनींना सांगा की प्रवासात वाघ-बिबळे बघायला जाणार असू तेव्हा २०० चा विचार करू. २४-१२० घ्या. महाग आहे, पण झेड ५ वर ती वर्षानुवर्षं निघणार नाही.

प्रश्न : निकॉन डी५६०० साठी सेकंडहँड १८-१४० बघितली. किंमत खूपच कमी. विकणारा म्हणतो कडेला बारीकसं फंगस आहे पण फोटोत दिसत नाही. आमच्याकडे दमटपणा इतका की चामड्याच्या चपलेला पण बुरशी येते, मग लेन्सला आली तर काय एवढं? घेऊ का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नका घेऊ. लेन्सची निवड अगदी बरोबर आहे, १८-१४० ही डी५६०० वर कायम लावून ठेवायला मला पसंत असलेली लेन्स, पण हा नग नको. विकणारा खोटं बोलत नाहीये, सुरुवातीला फंगस फोटोत दिसत नाहीच. पण ती जिवंत गोष्ट आहे, सावंतवाडीच्या जुलैमध्ये ती वाढणार, मग उन्हाकडे कॅमेरा धरला की फोटो धुरकट, रंग उडालेले. पुढे पुढे ती काचेवरचं कोटिंग खाते, तेव्हा साफ केली तरी डाग राहतो. असली लेन्स तुमच्या चांगल्या लेन्सबरोबर एका डब्यात ठेवायची पण मला भीती वाटते.

मी एकदा फसलोय. भर पावसाळ्यात एका दुकानात जुनी लेन्स घेतली, ट्यूबलाइटखाली बघितली, झकास दिसली. डिसेंबरात सकाळच्या कोवळ्या उन्हात समुद्रावर काढायला गेलो तर प्रत्येक फोटोवर दूध सांडल्यासारखं. घरी येऊन मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूनं लावला आणि पुढून तिरकं बघितलं, तर आतल्या एका काचेच्या कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू, मुळं फुटावीत तसे मध्याकडे सरकत आलेले. ट्यूबलाइटखाली ते दिसणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून जुनी लेन्स बघायची म्हणजे मी आधी टॉर्च काढतो. मागून पुढे, पुढून मागे, दोन्हीकडून, लेन्स हळूहळू फिरवत. धुळीचे चार-दोन कण असले तर काही बिघडत नाही, प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये असतात. तंतू दिसले, किंवा काचेवर वाफ धरल्यासारखा पडदा दिसला, तर नमस्कार करून परत यायचं. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्याचं फार मनावर घ्यायचं नाही, मागच्या काचेवरचा असेल तर मात्र घ्यायचं. अपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का बघा. झूमची रिंग पूर्ण फिरवून कुठे अडकते का, वाळू असल्यासारखी करकरते का ते बोटाला कळतं, किनाऱ्यावरच्या लेन्समध्ये हे हमखास सापडतं. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून समोर अगदी सरळ उभं राहून एक फोटो काढा आणि मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही सारखीच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव, एकच कोपरा पुसट असेल तर ती कधीतरी पडलीय.

आणि नवी घ्या नाहीतर जुनी, कोकणात तिला ठेवायची सोय आधी करा. ड्राय कॅबिनेट परवडलं तर उत्तम, नाहीतर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता दाखवणारा काटा, तो ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ओलं झालं, ते तापवून परत निळं करता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्या रंगात विषारी क्षार असतो, वेगळा पत्र्याचा डबा ठेवा. कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवायची सवय आपल्याकडे सगळ्यांना असते, ती मोडा, बॅगेचा फोम पाणी धरतो. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा. बंद पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

प्रश्न : मी पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहे. निकॉन डी३५०० आहे, किट लेन्स पडून फुटली. एकच प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घेऊन सगळं शिकायचं असं ठरवलंय. सर म्हणाले जुनी ५० एमएम डी लेन्स घे, स्वस्त मिळते. बरोबर ना?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : विचार चांगला आहे, लेन्स बदल. तुझ्या डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, आणि ५० एमएमच्या डी लेन्समध्ये पण नाही, त्यामुळे ऑटोफोकस होणारच नाही, प्रत्येक फोटोला हातानं रिंग फिरवत बसावं लागेल. सरांच्या बॉडीत मोटर असेल म्हणून त्यांना ते जाणवलं नसेल. घ्यायचीच तर निकॉनची डीएक्स ३५ एमएम एफ १.८ जी घे. २००९ पासूनची लेन्स आहे, मोटर तिच्या आतच आहे, २०० ग्रॅम वजन, वापरलेली भरपूर मिळते. तुझ्या सेन्सरवर ३५ चं जवळजवळ ५२ होतं, म्हणजे फुल फ्रेमवर ५० एमएम जसं दिसतं तसं.

हेन्री कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच फोटोग्राफरनं आयुष्यातलं बरंचसं काम ५० एमएमवर केलं. १९४८ च्या जानेवारीत तो दिल्लीत होता, गांधीजींना त्यांच्या शेवटच्या दिवसांत भेटला आणि अंत्ययात्रेची गर्दी पण त्यानंच टिपली. ते फोटो शोधून बघ आणि प्रत्येक फोटोत तो कुठे उभा असेल ते ओळखायचा प्रयत्न कर. एका फोकल लेंग्थवर शिकायचं म्हणजे नेमकं हेच शिकायचं, कुठे उभं राहायचं.

मग तालमीत जा. परवानगी काढून, सकाळी लवकर. आत उजेड एकाच खिडकीतून येतो, लाल मातीवर तिरका पडतो. झूम नसल्यामुळे तुला हौदाच्या काठापर्यंत जावंच लागेल, बसावं लागेल, आणि पहिल्या दिवशी सगळे पैलवान तुझ्याकडेच बघतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघणं बंद होतं. एफ २ वर, आयएसओ १६००, शटर १/२५० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पहिला आठवडा फक्त मातीतले हात काढ, लेन्स तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. ते फोटो पाठव, पुढच्या अंकात त्यावर बोलू.